पाण्यात तोंड घालून

जेवणं आटोपून सपरीत लाखोळीची भाजी निवडत बसले होते, तेवढ्यात भाचीचा व्हिडिओ आला. उन्हात मोबाईलवर काही दिसेना, नुसता आवाज ऐकू येत होता. घर्र… घर्र… कुणीतरी नळीतून श्वास ओढतंय, सोडतंय. आत पडलेल्या सासूबाई उठून दारात आल्या.

“कोनाले दम लागला वं?”

“कोनालेच नाई. सोनू आहे. पान्यात तोंड घालून मासे पाहून रायली.”

“पालथी?”

“हो, पालथी.”

त्या काही बोलल्या नाहीत, पण पुन्हा झोपायलाही गेल्या नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. आमच्या गावात पाण्यावर कुणी पालथं तरंगताना दिसलं, की आधी पोलीस पाटलाला निरोप जातो, मग पंचनामा. सुटीच्या दिवशी, हौसेनं, तोंडात नळी धरून पालथं पडून राहायचं, ही गोष्ट इथल्या माणसाच्या डोक्यात शिरायला वेळ लागतो.

सोनू सिडनीत असते. तिथल्या बंदराच्या तोंडाशी मॅनली म्हणून भाग आहे, शहरातून फेरीबोटीनं अर्ध्या तासावर. त्याच्या कुशीत कॅबेज ट्री बे नावाची छोटी खाडी आहे. जेमतेम 20 हेक्टरची. 2002 पासून तिथं मासाच काय, शिंपलासुद्धा उचलायला बंदी. बाहेर समुद्राच्या लाटा आपटत असल्या तरी आत बऱ्यापैकी शांत असतं, आणि काठाजवळ पाणी इतकं उथळ की घाबरलं तर उभं राहावं. मला वाटलं होतं रंगीबेरंगी प्रवाळ असेल. तसं काही नाही. वालुकाश्माचे खडक, त्यावर डोलणारं तपकिरी समुद्रशेवाळ, आणि त्यातून सावकाश येणारं एक निळं धूड.

हा तिथला ब्लू ग्रोपर. माणसाला भीत नाही, उलट कुत्र्यासारखा मागेमागे येतो, कारण कुणीतरी दगड उलथेल आणि खालचं खाणं मिळेल हे त्याला पक्कं ठाऊक असतं. न्यू साउथ वेल्सनं 1998 मध्ये त्याला राज्याचा मासा केलं. तो पस्तीसेक वर्षं जगतो. याची सगळी पिल्लं मोठी होतात ती मादी म्हणूनच, आणि कळपातला निळा नर गेला की सगळ्यांत मोठी मादी हळूहळू निळी होऊन नर होते. हे मी सासूबाईंना सांगितलं नाही. संध्याकाळच्या स्वयंपाकाला उशीर झाला असता.

नळीचं मात्र मला नवल वाटलं नाही. ती आम्ही लहानपणीच शोधून काढली होती.

माझ्या माहेरी, साकोलीच्या बाजूला, गावाला लागून मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. पारेवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चिंचा, पलीकडे सिंगाड्याचे वेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी आते-मामेभावंडं पपईचं पान देठासकट तोडायचो. पान फेकून द्यायचं, देठ ठेवायचा. आतून सरळ पोकळ. तोडल्यावर टोकाला पांढरा चीक यायचा, तो धुतला नाही तर तोंड कडू होऊन दिवसभर थुंकत बसायचं. देठाचं एक टोक दातांत धरायचं, दुसरं पाण्याबाहेर, आणि नाक चिमटीत पकडून खाली बसायचं. वितीच्या देठानं छान जमायचं. पाण्याखाली कान भरायचे, आणि लांब कुठंतरी कपडे आपटण्याचा आवाज अगदी जवळून यायचा.

मग मोठ्या आतेभावाला वाटलं, लांब देठ घेतला तर तळाशी जाऊन बसता येईल. त्यानं झाडावरचा सगळ्यांत लांब देठ निवडला, मांडीवर दगड घेतला आणि पायऱ्यांच्या खाली जाऊन बसला. बसला म्हणेपर्यंत डोळे पांढरे करत वर आला. देठ कुठंतरी बुजलेला असणार म्हणून आम्ही एकेकानं फुंकून पाहिला. आरपार मोकळा होता. मग खापर पपईच्या झाडावर फुटलं.

त्यात झाडाचा काही दोष नव्हता. मीटरभर खाली गेलं तरी पाणी छातीवर चहूबाजूंनी असं दाबतं, की बरगड्या फुगवून वरची हवा खाली ओढणं माणसाला झेपत नाही. शिवाय लांब नळीत आपलीच सोडलेली हवा अडकून राहते आणि तीच पुन्हा आत जाते. म्हणून सोनूची नळीही हातभरापेक्षा कमीच असते. तिला जास्त लागतही नाही, ती वरच तरंगते.

आम्हाला खरी कमी होती ती चष्म्याची. पाण्यात उघडे डोळे ठेवले की सगळं फिसकटतं, कारण डोळ्याच्या बुबुळाला समोर हवा लागते. काचेआड चिमूटभर हवा मिळाली की लगेच स्पष्ट दिसतं, फक्त सगळं जवळ आणि तिसऱ्या हिश्श्यानं मोठं भासतं. सोनूच्या माशाच्या मापातून तेवढं वजा करायला हरकत नाही.

अर्थात आमच्या तलावात चष्मा असता तरी काय दिसलं असतं? गढूळ हिरवं पाणी, कोपराच्या पुढचा स्वतःचा हात दिसायचा नाही. तिथं सगळं अंगाला कळायचं. पायाला मऊ लागला तो गाळ, टोचला तो सिंगाडा, सळसळून गेली ती मरळ. ढिवरांची म्हातारी माणसं चिखलात हात घालून मासा धरायची, आणि हात बाहेर यायच्या आधीच कुठला ते सांगायची. पाहण्यासारखं एकच असायचं, पारेवरून. मरळीची पिल्लं बारीक, लालसर, पाण्याच्या वर पुंजक्यानं वळवळायची आणि खाली त्यांची राखण करणारी मोठी मरळ असायची. ती दिसायची नाही. पण कुणी खडा मारला तर पाणी असं उसळायचं की खडा मारणारा दोन पावलं मागे सरायचा.

“मावशी, ते एक वेगळंच जग आहे,” असं सोनूनं खाली लिहिलं होतं. मला या वाक्याची जरा चीड आहे. कंबरभर पाण्यात कसलं आलंय वेगळं जग? तेच जग, ओलं.

आणि मग वाटलं, उथळ, बांध घातलेल्या पाण्यात तोंड करून तासन्‌तास बघत राहायचं, हे तर आमच्याकडे हजारो बाया करतात. फक्त त्याला रोवणी म्हणतात, धानाची लावणी. आषाढात सकाळी बांधीत उतरावं तर रात्रीतून चिखल खाली बसलेला असतो आणि वर चार बोटं पाणी अगदी नितळ. त्यात काळी बेडकाची पिल्लं, पाण्यावर चालणारे कोळी, बिळाच्या तोंडाशी डोळे वर काढून बसलेला किरवा. पहिलं पाऊल पडलं की सगळं गढूळ. मग हातातली परे, पुढची ओळ, आणि मागे सरकायचं. तोंड पाण्यापासून हातभर, दिवसभर. पाठीवर पाऊस असतो म्हणून प्लास्टिकचा घोंगता. नळी लागत नाही, एवढाच फरक.

सासूबाईंनी चाळीस-पंचेचाळीस पावसाळे रोवणी केली. मी विचारलं, “बांधीत वाकल्यावर का दिसत होतं तुमाले?”

“बाजूवालीचा रोवा वाकडा दिसे,” त्या म्हणाल्या, आणि माझ्यापुढची निम्मी भाजी ओढून निवडायला लागल्या.

संध्याकाळी सोनूचा फोन आला. पुढच्या रविवारी जाणार नव्हती, कारण पावसाचा अंदाज होता. तिकडे जोराचा पाऊस झाला की रस्त्यांवरचं पाणी बंदरात उतरतं, म्हणून नंतर तीन दिवस बंदरात पोहू नका असं सरकारच सांगतं. लोक ऐकतात. कुठल्या किनाऱ्यावर पाणी कसं आहे हे रोज जाहीर होतं, ते बघून घराबाहेर पडतात.

मी ऐकत होते, आणि डोळ्यापुढे आंभोऱ्याचा संगम होता. नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला मिळतं, कन्हान तिथं वैनगंगेला, आणि खाली गोसीखुर्दचं धरण ते सगळं अडवून धरतं. पाऊस असो नसो. तिथं किती दिवस थांबायचं ते कुणी पाटीवर लिहून ठेवलेलं नाही. येत्या महाशिवरात्रीला गर्दी होईल, लोक नाक धरून, डोळे मिटून बुडी मारतील. आमच्या घरातूनही दोघं जाणार आहेत. जाऊ नका म्हणायची सोय नाही. आल्या आल्या बोअरच्या पाण्यानं, साबण लावून पुन्हा आंघोळ करा, एवढं आत्तापासून सांगून ठेवलंय.