जुन्या बाजारात 'लाखी'च्या शोधात

रविवारी पुण्याला जायचं म्हटलं की माझे पाय स्टेशनवरून आपोआप मंगळवार पेठेकडे वळतात. तिथला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पान्हे, पितळी कुलपं, बंद पडलेली घड्याळं आणि मधेच कुठेतरी जमिनीवर अंथरलेल्या कापडावर नाण्यांचा ढीग. शिवराई, ढब्बू पैसा यांना गिऱ्हाईक भरपूर असतं. मला हवी असतात टांकसाळीत चुकलेली नाणी.

या खेपेला नागमोडी कडेचं अ‍ॅल्युमिनियमचं दहा पैशांचं नाणं मिळालं. छाप एका अंगाला सरकलेली, उरलेली चकती कोरी. ठशाखाली चकती नीट बसली नाही की असं होतं. त्यात साल वाचता येत असेल तर भाव चढतो. माझ्या नाण्यावर साल स्पष्ट आहे!

मग विक्रेत्या काकांनी खिशातून कागदाची पुडी काढली. "लाखी आहे, बघा." स्टीलचा रुपया. एका बाजूला उठावाचे सिंह, दुसऱ्या बाजूला तेच सिंह आत दबलेले, 'भारत' उलटं. छापलेलं नाणं ठशालाच चिकटून राहतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याचीच उलटी छाप उमटते, ती लाखी. टांकसाळीच्या तपासणीतून असं नाणं निसटणं विरळाच, म्हणून तर जीव अडकतो.

मी भिंग लावलं. दबलेल्या सिंहांच्या मागे 'रुपया'ची अक्षरं चेपटलेली, पण दिसत होती. म्हणजे दोन नाणी शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळून केलेलं काम. अशा खऱ्या लाखीवर 'रुपया'चा मागमूसही नसतो, कारण ती बाजू छापलीच गेलेली नसते. काकांना भिंगातून दाखवलं. त्यांनाही ते कुणीतरी विकलं होतं. बराच वेळ बघत राहिले बिचारे.

कड तुटलेल्या नाण्यांतही खरं की बनावट हे पाहावं लागतं. पत्र्यातून चकत्या पाडताना आधीच्या भोकावर पंच (चकती कापणारं हत्यार) पडला तर चकतीला चंद्रकोरीसारखा खाचा पडतो. अशा खऱ्या नाण्यावर खाचेच्या बरोबर समोरची कड बहुधा पुसट उठते. कानशीने घासलेल्या नाण्याची समोरची कड मात्र ठणठणीत असते.

दहा पैशांचं घासाघीस करून घेतलं. नवशिक्यांना एवढंच सांगतो, चिंच लावून उजळवू नका, भाव तिथेच पडतो.