हात लावू नका, ओलं आहे

दुपारची वेळ, टेबलावर माझ्या छंदाचं, खरंच उडवायचं पुठ्ठ्याचं रॉकेट आडवं टाकलेलं, दोन फिन्स (शेपटाकडचे पंख) वर आणि त्यांच्या बेचक्यात नुकतीच ओतलेली इपॉक्सी, म्हणजे दोन द्रवांचा घट्ट होणारा गोंद. मी काय करतोय, तर उरलेल्या इपॉक्सीचा कप हातात धरून बसलोय. कप गरम होत जातो. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की त्यांचं आपापसात जे काही चालतं त्याची उष्णता असते ती, आणि कपात ऐवज जास्त, बाहेर पडायला वाट कमी, म्हणून तिथे ती साठते. आता गंमत अशी की यामुळेच कपातली इपॉक्सी रॉकेटवरच्या पातळ थरापेक्षा आधी घट्ट होते. म्हणजे कपात नख रुतत नाही म्हणून रॉकेट उचललं की बेचक्यातली धार हळूच एका बाजूला सरकलेली असते. म्हणून मी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर त्याच मिश्रणाचा एक पातळ फराटा ओढून ठेवतो आणि नख तिथे लावतो, पाच मिनिटांनी, मग परत पाच मिनिटांनी, मग उगाचच.

डब्यावर ‘३० मिनिटं’ लिहिलेलं असतं त्यावर नवखी माणसं फार विश्वास ठेवतात. ती ३० मिनिटं काम करायची मुदत असते हो, वाळण्याची नव्हे. वाळायला रात्र जाते. आणि फिलेट, म्हणजे फिन आणि ट्यूब मिळतात तिथला तो गोलसर भराव, एका वेळी एकाच बेचक्यात करता येतो, कारण इपॉक्सी स्वतःहून समतल व्हायला ते बेचकं बरोबर वर असावं लागतं. मग थांबा, फिरवा, पुढचं बेचकं. ग्लव्ह घातलेलं बोट स्पिरिटमध्ये बुडवून एका दमात वरून खाली ओढलं की अशी काचेसारखी पन्हळ तयार होते की बघत राहावं. मधे थांबलात तर तिथे टेंगूळ येणार, आणि ते पुढे घासत बसायला लागणार.

मोठ्या ताकदीच्या किटमध्ये फिन नुसती बाहेरून चिकटवत नाहीत. ट्यूबला चिरा असतात, त्यातून फिनचं मूळ आत जातं आणि थेट मोटर (म्हणजे जळून रॉकेट ढकलणारं इंजिन) बसते त्या आतल्या नळीला टेकतं. म्हणजे आतही फिलेट, बाहेरही फिलेट. आतले सगळे झाले की मागची रिंग चिकटवायची आणि ते दालन कायमचं बंद. मी आतल्या फिलेटवरूनही ते स्पिरिटचं बोट फिरवतो. का? माहीत नाही. घरातल्या एका जाणकाराने (जाणकार म्हणजे ज्याला रॉकेटमधलं काही कळत नाही पण माझ्यातलं बरंच कळतं) विचारलं, "तिथे कोण बघायला जाणारे?" उत्तर नव्हतं. मी म्हटलं, मजबुती. पण मजबुतीला गुळगुळीतपणा लागत नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

तसं पाहिलं तर हा सगळा छंदच एका चपलाबुटांच्या दुकानदारामुळे सुरू झालाय, त्यामुळे कोण काय विचारतंय त्याची फार फिकीर करू नये. अमेरिकेतल्या नेब्रास्कात ऑर्व्हिल कार्लाइल नावाच्या गृहस्थांचं बुटांचं दुकान होतं आणि शोभेच्या दारूचा नाद होता, त्यांचा भाऊ रॉबर्ट मॉडेल विमानांवाला, दोघांनी मिळून १९५४ मध्ये पॅराशूटने खाली येणारं, परत वापरता येणारं छोटं रॉकेट केलं. १९५७ मध्ये त्या मंडळींची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. मग अक्षरं वाढत गेली. मोटरला अक्षर असतं, आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला एकूण जोर दुप्पट. जी पर्यंत १६० न्यूटन-सेकंद (हे त्या एकूण जोराचं माप), त्यापुढे एच लागला की आपण मोठ्या माणसांत आलो. एच ३२० पर्यंत, आय ६४० पर्यंत, आणि असं करत एम ला पोचाल तोवर आकडा दहा हजारांच्या घरात जातो. हे दुप्पट-दुप्पट प्रकरण ऐकायला साधं वाटतं. एकदा एम उडताना छातीत जाणवला की मग साधं वाटत नाही.

पण मी रंगाबद्दल लिहायला बसलो होतो.

पुठ्ठ्याच्या ट्यूबवर एक बारीक खोबण फिरत गेलेली असते, कागदाची पट्टी गुंडाळून ट्यूब करतात ना, त्याचा सांधा. लांबून दिसत नाही. रंग लावल्यावर मात्र लांबूनच दिसते. काही लोकांना हिचं काही वाटत नाही. त्यांचा मला हेवा वाटतो. मी त्या खोबणीत पातळ केलेली लांबी, म्हणजे पुट्टी, भरतो, वाळली की घासतो, मग प्रायमरचा हात, मग तिरप्या उजेडात ट्यूब धरून फिरवायची, कुठेतरी ती अजून असतेच, परत लांबी. १२० चा पॉलिशपेपर, मग २२०, मग ४०० पाण्यात बुडवून. पाण्याने घासताना पुठ्ठ्याची कड भिजू द्यायची नाही, नाहीतर ती फुगते. प्लायवूडच्या फिनच्या रेषा हे आणखी वेगळं प्रकरण, त्यात तर लांबी कुठे गडप होते कळत नाही. प्लॅस्टिकच्या नाकाला साच्यातून सुटावं म्हणून काहीतरी तेलकट लावलेलं असतं ते साबणाने धुवायचं, शिवण तासायची, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा निघून येतो. घासून उडालेली ती पांढरी पूड भुवयांवर, चष्म्यावर, चहात. मास्क लावा, कृपया. चहा झाकून ठेवा.

आणि मग रंग. पहिला हात अगदी फिका, झाकला न झाकलासा, दुसरा जरा दाट, तिसरा ओला. कॅनवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की पुढचा हात तासाभराच्या आत द्या, नाहीतर मग दोन दिवस थांबा. कॅनगणिक हे बदलतं म्हणून वाचावं. मधल्या वेळात दिलात तर खालचा अर्धवट वाळलेला थर वरच्याने भिजतो आणि सगळ्या अंगाला सुरकुत्या. आता दोन दिवस थांबणं ही काय माणसाने करायची गोष्ट आहे का. पण मला थांबायला आवडतं हे हळूहळू माझ्याच लक्षात आलंय. रॉकेट एका काठीवर उभं, मोटरच्या नळीत काठी घातलेली, म्हणजे कुठेच हात लागत नाही, आणि मी येता-जाता बघतोय.

लहानपणी बाबा खिडक्यांचे गज रंगवायचे. ऑइलपेंट, ब्रश, वर्तमानपत्र अंथरलेलं. माझं काम एकच, स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं, हात लावू नका, ओलं आहे. मी पाटीही केली होती, वहीच्या पानावर, खडूने. तर झालं असं की पाटी नव्हती तोवर कुणी गजांकडे बघतही नव्हतं. पाटी लागल्यावर प्रत्येकजण थांबायचा, वाचायचा, आणि बोट लावायचा. शेजारच्या काकूंनी लावलं, पेपरवाल्याने लावलं, एका पाहुण्यांनी तर "खरंच ओला आहे की" असं मला सांगितलं, जणू माझा काहीतरी गैरसमज होता. मी रडकुंडीला आलो. बाबा मात्र शांत, ब्रश घेऊन परत तेवढ्याच जागेवरून फिरवायचे. ते स्वतः कधी बोट लावायचे नाहीत. गजाशी नाक नेऊन वास घ्यायचे. "वास आहे तोवर हात नाही," एवढंच.

कितीतरी वर्षांनी कळलं की रॉकेटवालेही हेच करतात. नाक जवळ नेऊन थिनरचा वास येतोय का बघायचं. येत असेल तर वरून सुका वाटला तरी आत अजून सुटतोय, त्यावर मास्किंग टेप चिकटवलीत तर टेपची जाळी कायमची उमटणार. माझ्याकडे कुणी आलं आणि मी रॉकेटला हुंगतोय असं दिसलं तर ते विषय बदलतात.

आमच्यातला एकजण रंगच लावत नाही. प्रायमर ओढतो आणि उडवतो. त्याचं म्हणणं, "अरे, पॅराशूटवर येऊन दगडावरच आपटणार ना ते? चरे पडले की तूच रडणार." त्याच्या बाजूने मोठमोठे दाखले आहेत. स्पेस शटलची ती भली मोठी बाहेरची टाकी १९८१ मधल्या पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी रंगवली होती, मग १९८२ च्या तिसऱ्या उड्डाणापासून रंग दिलाच नाही, साधारण २७० किलो वाचले. टाकीवरच्या उघड्या फोमचा तो विटकरी-नारिंगी रंग पुढे तिची ओळख झाला. २७० किलो नुसता रंग! आणि दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन व्ही-२ रॉकेटवरचे काळे-पांढरे चौकोनही शोभेचे नव्हतेच, कॅमेऱ्यातून रॉकेट स्वतःभोवती किती गिरक्या घेतंय ते कळावं म्हणून होते. चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न पाच चे पट्टेही त्यातलेच. थोडक्यात, ज्यांना खरंच कुठेतरी जायचं होतं त्यांनी रंगाकडे असं बघितलं. मी मात्र निळ्यावर किती गडद निळी रेघ शोभेल यावर अख्खा रविवार घालवतो. सेकंद-दीड सेकंद मोटर जळणार, डोळ्याला एक ठिपका दिसणार. आय डोंट केअर. तरी एक उपयोगाचं सांगतो, चंदेरी लावू नका, आकाशात हरवतं. फ्लोरोसंट नारिंगी लावा, खाली पांढरा हात देऊन.

वजनाचं मात्र माझ्या त्या मित्राचं बरोबर आहे. लांबी, फिलेट, प्रायमर हे सगळं बहुतेक मागच्या बाजूला जमतं आणि गुरुत्वमध्य, म्हणजे रॉकेट बोटावर तोललं जातं तो बिंदू, मागे सरकतो. नासातले इंजिनिअर जेम्स बॅरोमन यांनी १९६० च्या दशकात दाबमध्य (हवेचा एकूण जोर लागतो तो बिंदू) काढायची समीकरणं दिली, आता ती सॉफ्टवेअरच्या पोटात असतात, आपण ट्यूब आणि फिनची मापं भरली की ते बिंदू सांगतं. पण तुमच्या लांबीचा थर त्याला कुठे माहीत. म्हणून रंग झाल्यावर, मोटर घालून, पॅराशूट भरून, रॉकेट परत बोटावर तोलायचं. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या निदान ट्यूबच्या एका व्यासाइतका पुढे हवा. नसेल तर नाकात वजन. घासून-घासून तीन ग्रॅम कमी केलेल्या रॉकेटच्या नाकात पन्नास ग्रॅम छर्रे ओतताना कसं वाटतं ते मी लिहीत नाही.

मोठ्या मोटर उडवायचं पहिल्या पातळीचं सर्टिफिकेट घ्यायला जाता ना, एच किंवा आय मोटरवर, तेव्हा तपासणारा माणूस रॉकेट हातात घेतो. फिन धरून वाकवून बघतो. दोन्ही बिंदू कुठे खुणावलेत विचारतो. पॅराशूटच्या दोरीची गाठ ओढतो. माझ्या वेळी ज्यांनी तपासलं त्यांनी रंगावरून एकदाही नजर फिरवली नाही, मला जरा राग आला होता. मग त्यांनी नाकाला धरून अख्खं रॉकेट उचललं. नाक निसटलं नाही. मग हलकासा झटका दिला, निसटलं. मान हलवली, पुढच्याकडे गेले.

नाकाचा जो भाग ट्यूबच्या आत जातो, तो खांदा, तिथे नवीन माणसं हौसेने रंग मारतात. रंगाला जाडी असते. उन्हात तो मऊ होतो, चिकटतो. शेंड्यावर पोचल्यावर आतली चिमूटभर काळी दारू पेटते, तिच्या दाबाने नाक सुटून पॅराशूट बाहेर यायचं असतं. नाक सुटलं नाही तर दोन किलोचं रॉकेट नाक खाली करून, भयंकर वेगाने परत येतं, आणि खाली आपण सगळे वर बघत उभे असतो, कुणी मुलाला खांद्यावर घेऊन. नाकाच्या खांद्यावर मी दोन पदर टेप गुंडाळतो आणि मगच कॅन हलवतो.