अंगठीचा वळ

आमच्या नवजात बाळांच्या आयसीयूतलं वॉर्मर नंबर चारचं बाळ तेराव्या दिवशी सकाळी एकदम मलूल झालं. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेलं, वजन ९४० ग्रॅम. रात्रीच्या सिस्टरने हँडओव्हर देताना ‘ठीक आहे’ म्हणून सांगितलं होतं. मी पाहिलं तर हातपाय हलवत नव्हतं. अर्ध्या तासात दोनदा श्वास थांबला. तळपायाला टिचकी मारली की पुन्हा घ्यायचं. शुगर चढून २१०. प्लेटलेट्स आल्या ३२,०००.

आकडा ऐकून सर क्षणभर काहीच बोलले नाहीत. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झालेले, हातातून मोठ्या शिरेपर्यंत नेलेली बारीक नळी, म्हणजे पिक लाइन, आत, दूध पचत नाही म्हणून टीपीएन, म्हणजे शिरेतून पोषण, चालू. एवढ्याशा बाळाच्या प्लेटलेट्स अशा कोसळल्या की बुरशी डोक्यात येतेच. ब्लड कल्चर पाठवलं आणि रिपोर्टची वाट न बघता अ‍ॅम्फोटेरिसिन सुरू केलं. बुरशीवरचं हे औषध सलाइनमध्ये घातलं की साका धरतं, म्हणून फक्त डेक्स्ट्रोजमध्ये, तेही कित्येक तास सावकाश. किडनीवर ताण येतो, त्यामुळे लघवीचा थेंब न् थेंब मोजायचा. डायपरचं वजन करण्यात माझी अख्खी ड्यूटी गेली.

तिसऱ्या दिवशी लॅबचा फोन आला, यीस्ट, म्हणजे बुरशीच, वाढतंय. लगेच लाइन काढली. पुढे नाव कळलं : कॅन्डिडा पॅराप्सिलोसिस.

कॅन्डिडा ही बुरशी आपल्यापैकी अनेकांच्या अंगावर असते, एरवी काही करत नाही. या बाळांची कातडी मात्र कांद्याच्या पापुद्र्यासारखी. त्यात अँटिबायोटिकने आतले बॅक्टेरिया मारले की बुरशीला रान मोकळं. आधी ती नुसती अंगावर, तोंडात, आतड्यात बस्तान बसवते. बाळ छान दिसतं, वजनही वाढतं. लाइनमधून रक्तात शिरली की मग हे असं. कॅन्डिडाची दुसरी जात, अल्बिकन्स, बहुतेकदा आईकडून येते. पॅराप्सिलोसिसचं नाव निघालं की सर आधी आमच्या हातांकडे बघतात.

सगळ्यांच्या हातांचे स्वॅब घेतले. पाच दिवसांनी मेट्रन मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं. माझ्या डाव्या हाताच्या स्वॅबमध्ये तीच बुरशी वाढली होती. “जात एक आली म्हणजे तुझ्याकडूनच गेली असं सिद्ध होत नाही,” त्या म्हणाल्या. खरं आहे ते. पण माझी नजर बोटातल्या अंगठीवर खिळली. लग्नातली, अकरा वर्षं न काढलेली. हात मी दर वेळी धुवत होते, सहाही पायऱ्या करून; अंगठी तेवढी वरखाली सरकवायची. साबण लावून ओढली तेव्हा निघाली. खालची कातडी पांढरी, ओलसर, भिजल्या कागदासारखी.

आणि मला त्या बाळाची आई आठवली. पहिल्या दिवशी ती बाळाला हात लावायला आली, तेव्हा मीच तिला थांबवलं होतं. “ताई, कोपराखाली काही चालणार नाही.” हिरव्या बांगड्या होत्या, घट्ट बसलेल्या. दाराबाहेर सासूबाई चिडल्या, “बाळंतिणीचे हात भुंडे बरे दिसतात का?” तिने एक शब्द न बोलता साबणाने एकेक बांगडी उतरवली. दोन फुटल्या, मनगटाला ओरखडा आला. बाकीच्या रुमालात बांधून उशाखाली ठेवल्या. मी शेजारी उभी राहून बघत होते. अंगठी घालून.

बाळ वाचलं. कल्चर निगेटिव्ह आल्यावर आणखी दोन आठवडे औषध चाललं. डोळे तपासले, किडनीची सोनोग्राफी झाली, दोन्ही नॉर्मल. बाळाला आईच्या छातीशी बांधून ठेवायची कांगारू केअर सुरू झाली, आईचं दूध नळीतून अर्ध्या अर्ध्या एमएलने वाढवत नेलं.

आईला सांगायचं की नाही, यावर मी बरेच दिवस झोपले नाही. सरांना विचारून शेवटी सांगितलं. बाळ तिच्या छातीशी बांधलेलं होतं तेव्हा. ती गप्प राहिली. मी नळीतून दूध देत होते, तिकडे बघत राहिली. मग म्हणाली,

“वळ अजून आहे बोटावर, सिस्टर.”