रामकुंडावरची वही आणि बायबलमधली नावंच नावं

मागच्या महिन्यात काकांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो होतो. गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि दहा मिनिटांत लाल कापडात बांधलेली लांबुळकी वही समोर. त्यात आजोबांची १९४१ सालची मोडीतली सही! अंगावर काटाच आला.

शरणपूर भागातल्या माझ्या एका ख्रिस्ती मित्राला हे सांगितलं तर तो म्हणे, आमच्याकडेपण आहे की असली वही, बायबलमधलं 'पहिला इतिहास' नावाचं पुस्तक वाच. वाचला. पहिले नऊ अध्याय नुसती नावं, आदामापासून सुरुवात, खरं सांगायचं तर दुसऱ्या पानावर डुलकी लागली. पण त्यानेच मग बायबलमधल्याच 'एज्रा' या पुस्तकाचा दुसरा अध्याय दाखवला आणि तिथे मात्र झोप उडाली.

झालं असं, बाबेलला (म्हणजे बॅबिलॉनला) कैद करून नेलेले यहुदी इ.स.पू. ५३८ मध्ये इराणच्या सायरसने परवानगी दिल्यावर यरुशलेमला परतायला लागले, एकूण ४२,३६०. त्यातली काही याजक (पुरोहित) घराणी आपलं नाव वंशावळीत शोधतात आणि सापडतच नाही. झालं, पूजेचा हक्क बंद, पवित्र नैवेद्यही खायचा नाही, उरीम-थुम्मीमने कौल लावणारा याजक येईपर्यंत थांबा म्हणे. त्यातल्या एका घराण्याच्या मूळपुरुषाने बर्जिल्लय नावाच्या माणसाची मुलगी केली आणि सासऱ्याचंच नाव लावलं होतं. म्हणजे घरजावई! माझा अंदाज, घोळ तिथेच झाला असणार, कारण सासरचं नाव घेऊन माहेरच्या वहीत शोधलं तर मिळेल कसं?

म्हणजे ही यादी भक्तीने पाठ करायची नाहीच, ती सातबाऱ्यासारखी आहे, कुणाची जमीन, कुणाचा मान, कोण आत कोण बाहेर.

आणि जमिनीवरून आठवलं, बायबलमधल्याच 'गणना' या पुस्तकाचा २७ वा अध्याय. सलाफहाद मेला, मुलगा नाही, पाच मुली: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. त्या थेट त्यांचा पुढारी मोशे याच्यासमोर उभ्या राहून म्हणतात, मुलगा नाही म्हणून बापाचं नाव कुळातून का जावं, आम्हाला वाटा द्या. आणि मिळतो! (पुढे ३६ व्या अध्यायात अट येते, लग्न आपल्याच वंशात करायचं, नाहीतर जमीन दुसरीकडे जाईल. भाऊबंद शेवटी भाऊबंदच.) इतिहासाच्या यादीत मात्र एवढंच, सलाफहादाला मुली होत्या. नावं गायब.

आमच्या वहीतपण आत्यांची नावं नाहीत, तीन आत्या होत्या. त्यांची नावं मला फक्त हक्कसोडपत्रावर सापडली.

काकांनाही दोन मुलीच. गुरुजींनी वही उघडून विचारलं, "मुलगे कोण?" मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, आम्ही दोघी आहोत, लिहा. गुरुजींनी काही न बोलता लिहिलं आणि सहीसाठी वही तिच्याकडे सरकवली. पेन चालेना, तिने तळहातावर दोनदा गिरवून बघितलं आणि आजोबांच्या मोडीच्या खाली सही केली, माहेरच्या आडनावाने.