सेमिनरी हिल्सचा उतार, फुल चार्ज आणि मागचा गंजका ब्रेक

मागच्या नोंदीत माझ्या इलेक्ट्रिक गाडीच्या मागच्या ब्रेकमधून येणाऱ्या करकरीबद्दल लिहिलं होतं, तिचं कारण सापडलं. गाडी जॅक स्टँडवर घेऊन मागचं डावं चाक उतरवलं. ब्रेकच्या डिस्कची (चाकासोबत फिरणाऱ्या तबकडीची) आतली बाजू लखलखीत, बाहेरच्या बाजूला मात्र काठाने बोटभर रुंद गंजाचा पट्टा. डिस्कला दाबून चाक थांबवणारे पॅड जवळजवळ कोरे. म्हणजे हा ब्रेक झिजून नाही, बसून बसून बिघडलाय.

निदान सोपं होतं. पिस्टन आतला पॅड दाबतो. बाहेरचा पॅड डिस्कला टेकायला अख्खा कॅलिपर (पॅड धरणारा चिमटा) सरकावा लागतो. तो ज्यांवर सरकतो त्यातली खालची स्लाइड पिन बोटाने सरकली, वरची हातोडीशिवाय हलेना. पावसाळाभर चिखलपाणी खाल्लं आणि ब्रेक तर मी क्वचितच दाबतो, वेग मोटारच कमी करते आणि त्यातून झालेली वीज बॅटरीत भरते (यालाच रीजन म्हणतात).

नॉर्वे, फिनलंडकडच्या लोकांची हीच तक्रार आहे, फक्त तिकडे पाण्यात मीठ असतं. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ डिस्कवर उडतं आणि पेट्रोल गाडीत रोजच्या ब्रेकने जो गंज घासून निघतो, तो इलेक्ट्रिकमध्ये मुक्काम ठोकतो. टेस्लाचं मॅन्युअल मिठाच्या रस्त्यांसाठी दर वर्षी किंवा २०,००० किलोमीटरला कॅलिपर साफ करून वंगण लावायला सांगतं. फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ ला मागे डिस्कऐवजी बंद डब्यासारखे ड्रम ब्रेक दिले. ‘एवढ्या महाग गाडीला ड्रम?’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी माझी डिस्क येऊन बघावी.

पण खरी गोम गंजात नाही. रीजन म्हणजे बॅटरी चार्ज करणंच. गारठलेल्या सेलमध्ये जोरात चार्ज रेटला तर लिथियम सेलमधल्या ग्राफाइटमध्ये न शिरता वरच धातू होऊन साचतं, आणि ते नुकसान बऱ्याच अंशी कायमचं. म्हणून बॅटरी थंड असली की बीएमएस (बॅटरी सांभाळणारी यंत्रणा) रीजन कापतो. शून्याखालच्या सकाळी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला तर गाडी नेहमीसारखी आवरत नाही. त्या दिवशी सगळी भिस्त पॅडवर, आणि पॅड महिनोन्‌महिने रिकामे बसलेले!

नागपुरात अशी सकाळ कुठून आणणार? २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशांवर आला होता खरा, पण ते दरवर्षीचं नाही. मग दुसरी वाट. बॅटरी १०० टक्के भरलेली असली तरी रीजन मिळत नाही. कारण वेगळं, वीज ठेवायला जागाच नसते. पायाला मात्र अनुभव बराचसा तोच. म्हणून चाक उघडण्याआधी फुल चार्ज करून पहाटे सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतरलो होतो. पाय उचलला, गाडी सुसाट. ब्रेक दाबला, मागून खरखर. शेजारी बसलेला मित्र म्हणाला, “काऊन बे, ब्रेक गेला का?” गेला नव्हता, पण ज्याला वन-पेडलची (ब्रेक न दाबता, नुसता पाय उचलून गाडी आवरायची) सवय लागलीय त्याने हा उतार एकदा असा उतरून बघावाच.

कामाचं थोडक्यात. मागे इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर पिस्टन मागे ढकलण्याआधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये (दुरुस्तीसाठीच्या सेटिंगमध्ये) टाका, नाहीतर त्याची मोटार जायची. पिन ब्रेक क्लीनरने धुऊन सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस नको, रबरी बूट फुगतात. चाकाचे नट टॉर्क रेंचनेच आवळले. मग रीजन शून्यावर ठेवून रिकाम्या वर्धा रोडवर ६० च्या वेगावरून पूर्ण न थांबता पुन्हा पुन्हा ब्रेक दाबले. पट्टा अर्ध्याहून कमी झाला, करकर गेली. काठाशी खड्डे राहिलेत, ते घासून जाणारे नाहीत. आता आठवड्यातून एक फेरी रीजन बंद ठेवून मारतोय.

उजवं चाक आणि ब्रेक फ्लुइड बाकी आहे. डॉट ४ प्रकारचं हे फ्लुइड हवेतली ओल शोषतं, ब्रेक वापरा वा न वापरा. कोरं असताना किमान २३० अंशांना उकळणारं हे तेल ओल धरल्यावर १५५ पर्यंत घसरू शकतं. तेव्हा ते बदलणारच.

हिवाळ्यात कोणी लेह-मनालीकडे गाडी नेणार असेल तर एक करा: ओल्या ब्रेकवर रात्री पार्किंग ब्रेक ओढू नका, पॅड डिस्कला गोठून चिकटतात. सपाट जागा बघा, गाडी ‘पी’त (पार्कमध्ये) ठेवा आणि चाकाला दगड लावा.