दिवसाची लाईट

२१ जानेवारी २०२५, मंगळवार. अंबड तालुक्यातल्या आमच्या ३३/११ केव्ही उपकेंद्राला त्या दिवशी चार मेगावॉटचा सौर प्रकल्प जोडायचा होता. मी तिथला कनिष्ठ अभियंता. सकाळी साडेआठला पोचलो तर गेटवर पंधरा-वीस शेतकरी आधीच थांबलेले. त्यांतले एक मामा थेट रानातून आलेले. गमबूट चिखलाने माखलेले, कानाला मफलर, गळ्यातली बॅटरी अजून चालूच. त्यांच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांच्या लाईनला, त्या आठवड्यात रात्रपाळी होती. गव्हाचं भरणं चालू होतं, रात्रभर दारं धरून ते आले होते.

जानेवारीत रात्रीचं भरणं म्हणजे काय, हे शहरात सांगून कळत नाही. ओल्या वरंब्यावर पाय सरकतो, हात बधिर होतात, विंचूकाट्याची भीती वेगळीच. अंधारात ओल्या हाताने स्टार्टरची पेटी उघडणारा माणूस चिकटल्याचं मी नोकरीत दोनदा पाहिलंय. त्यामुळे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी ते मनापासून अंगावर घेतलं. उपकेंद्राच्या जवळच पॅनल बसवायचे आणि शेतीच्या फीडरला दिवसा तीच वीज द्यायची, एवढी साधी ही योजना.

चाचण्या चालू असताना स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा गावातला एक मुलगा मोबाईल घेऊन जवळ आला. म्हणाला, "सर, ट्रम्पनी आल्याआल्या सही केली. अमेरिका हवामानाच्या पॅरिस करारातून बाहेर. ज्यांनी शंभर वर्षं धूर सोडला ते निघून गेले, आणि आपण आपलं गायरान पॅनलखाली घालतोय. आपणच का?"

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे चौदा टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आपल्याकडे दोन टनांच्या आसपास. दोनच महिन्यांपूर्वी बाकूच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचं मान्य केलं, तेव्हा एवढ्याने काही होणार नाही, असं भारताने तिथेच उभं राहून सांगितलं होतं. गायरानाचंही खरं होतं. सोळा-सतरा एकर गेलं, आणि त्यावर शेरडं चारणारी दोन घरं आता ओढ्याच्या कडेने फिरतात. ग्रामपंचायतीला प्रकल्पाचा लाभ मिळेल, पण तो त्या शेरडांच्या तोंडी जात नाही. जगाला दिलेला शब्द पाळताना त्याचं ओझं सर्वांत गरिबाच्या पाठीवर टाकायचं नसतं, हे मी वर लेखी कळवलंय आणि पुन्हा कळवणार आहे.

तेवढ्यात लाईनवर काम करणाऱ्यांचं परमिट परत आलं आणि बोलणं तिथेच थांबलं.

अकरा वीसला ब्रेकर ऑन केला. शेतीचा फीडर चालू होताच पंपांचे ऑटो स्विच एकामागून एक लागत गेले आणि लोड शंभर अँपिअरच्या वर गेला. इन्व्हर्टर पकडायला काही मिनिटं घेतात. सगळे श्वास रोखून उभे. मग बाहेरून वीज आणणाऱ्या ३३ केव्हीच्या इनकमरचा काटा हळूहळू खाली यायला लागला. म्हणजे आमच्या रानातले पंप आता आमच्याच गायरानावरच्या उन्हावर चालत होते. बाराच्या सुमाराला एक ढग आला आणि काटा लगेच वर चढला. मी त्या मुलाला दाखवलं, "हा बघ, हा आता कोळसा." ढग सरला, काटा पुन्हा उतरला.

हे त्याला मुद्दाम दाखवलं. २०३० पर्यंत वीजनिर्मितीची निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा, तेल, वायू सोडून, करू, असं आपण जगाला सांगितलंय. ते उद्दिष्ट पुढे जून २०२५ मध्ये, पाच वर्षं आधीच गाठलं. मला त्याचा अभिमान आहे. पण क्षमता म्हणजे युनिट नव्हे. प्रत्यक्ष विजेतले सत्तर टक्क्यांच्या आसपास युनिट अजून कोळशाचेच आहेत. आकडा गाठला म्हणून हात झटकले, तर शब्द कागदावरच पाळला असं होईल.

त्याच्या "आपणच का"चं उत्तर मी जेवताना दिलं. पैठणचा डावा कालवा इथे सगळ्यांच्या परिचयाचा. वरचे लोक चारी फोडतात, पाणी टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पोचत नाही. म्हणून टेलच्या गावाने पाणीवाटपाचं पाळीपत्रक फाडून टाकलं तर काय होईल? वरच्याला रानच मोकळं. भांडायला हातात जो एक कागद होता, तोही गेला. हवामानाच्या बाबतीत आपण टेलला आहोत. ऊन, गारपीट, अवकाळी आधी आपल्या रानात येतं. २ ऑक्टोबर २०१६ ला, गांधी जयंतीच्या दिवशी, आपण पॅरिस कराराला मंजुरी दिली. अमेरिका गेली तरी त्या कागदावरची आपली सही खोडायची नाही, असं माझं ठाम मत आहे. मुलगा पटलं म्हणाला नाही. "विचार करतो सर," म्हणाला.

एक वाजता मामांच्या रानात गेलो. स्टार्टरच्या पेटीवरचा व्होल्टमीटर रात्री ३३० दाखवायचा, मोटार नुसती गुरगुरायची. आता काटा ४०० वर होता आणि पाईपातून भरल्या तोंडाने पाणी पडत होतं. मामांनी काचेवरची धूळ अंगठ्याने पुसली, काटा पुन्हा एकदा पाहिला.

"साहेब, हे कायमचं हाय का? का चार दिवस दाखवायचं?"

ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०७० सालापर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द देऊन झालाय. मामांना फक्त पुढच्या आठवड्याचं विचारायचं होतं. सरकारच्या वतीने सही करायचा अधिकार मला नाही. "माझ्या हातात आहे तोवर दिवसाच देईन, मामा," एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांचा फोन.

"आज किती वाजता सोडता?"

"नऊला. पाचपर्यंत."

"आन् उद्या?"

"उद्याही नऊलाच."

"बरं," म्हणाले. पाच मिनिटांनी परवाचं विचारायला पुन्हा फोन केला.