आमची वाटचाल: पासवर्ड न मागता

मोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत पोर्टलवर रजेचा अर्ज, पगारपत्रक, खरेदीची मंजुरी अशी छोटी ॲप्लिकेशन्स बसवून देणं, हा आमच्या फर्मचा धंदा. पण आमचं नाव झालं ते वेगळ्याच कामामुळे. कर्मचारी पोर्टलवर एकदा लॉगिन करतो. पगारपत्रक मात्र मागच्या जुन्या सिस्टीममधून यायचं असतं आणि ती पुन्हा विचारते, तू कोण? सुरुवातीपासून ग्राहकांची मागणी ठरलेली: "आत आलेल्या माणसाचा पासवर्ड पोर्टलकडून घ्या आणि पुढे पाठवा."

नीट बांधलेल्या पोर्टलकडे तो नसतोच, हे समजावणं हेच आमचं पहिलं खरं काम होतं. साठवलेला असतो तो पासवर्डचा हॅश, म्हणजे गणिताने केलेलं त्याचं वेगळं रूप, आणि त्यावरून मूळ शब्द उलटा काढता येऊ नये अशीच त्याची रचना असते. २००३ मध्ये पोर्टलेटसाठी, म्हणजे पोर्टलच्या पानात बसणाऱ्या अशा छोट्या ॲप्लिकेशन्ससाठी, जेएसआर १६८ हे जावाचं मानक आलं. त्यातही पोर्टलेटकडे आलेल्या रिक्वेस्टला 'यूजर प्रिन्सिपल', म्हणजे वापरकर्त्याची ओळख, विचारली की लॉगिन केलेला कोण, एवढंच कळतं. आमच्या मते तेवढंच कळायला हवं.

मग पुढच्या सिस्टीमला पटवायचं कसं? इथे आम्ही कर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीत खोल शिरलो. त्यात पासवर्ड नेटवर्कवरून जातच नाही, तिकीट, म्हणजे ओळखीचा एन्क्रिप्ट केलेला दाखला, जातं. पण वापरकर्त्याने पोर्टलसाठी आणलेलं तिकीट पोर्टलपुरतंच चालतं. ते दाखवून पोर्टलला डेटाबेसचं दार उघडता येत नाही. यालाच 'डबल हॉप' म्हणतात. त्यासाठी पोर्टल ज्या खात्यावर चालतं त्या सर्व्हिस अकाउंटला डेलिगेशन, म्हणजे वापरकर्त्याच्या नावाने पुढे जाण्याची परवानगी, द्यावं लागतं. विंडोज २००० मध्ये ते सरसकट मिळायचं, म्हणजे पोर्टल त्या माणसाच्या नावाने कुठेही जाऊ शकत असे. विंडोज सर्व्हर २००३ पासून ते ठरावीक सेवांपुरतं बांधता येऊ लागलं आणि आम्ही तेव्हापासून दुसऱ्या प्रकारचं डेलिगेशन लावलेलं नाही. घड्याळंही सांभाळावी लागतात: ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे विंडोज नेटवर्कवरच्या खात्यांच्या यंत्रणेत, मूळ सेटिंगनुसार दोन मशीनच्या वेळेत ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की तिकीट नाकारलं जातं. "काल चालत होतं" अशी तक्रार आली की आमची मुलं आधी वेळ पाहतात.

काही जुन्या सिस्टीमना पासवर्डशिवाय दुसरं काही कळतच नाही. तिथे आम्ही क्रेडेन्शियल व्हॉल्ट, म्हणजे पासवर्डची तिजोरी, वापरतो: वापरकर्ता स्वतः त्या सिस्टीमचा पासवर्ड एकदा भरतो, तो एन्क्रिप्ट होतो, किल्ली वेगळ्या मशीनवर राहते, आणि लॉग फाइलमध्ये त्याचं एक अक्षरही उमटत नाही. हा शेवटचा उपाय, आणि करारातही आम्ही तसंच लिहितो. एका ग्राहकाला लॉगिनच्या पानावरच पासवर्ड टिपून सेशनमध्ये ठेवायला हवा होता. काम मोठं होतं, फर्म लहान होती. तरी आम्ही ते सोडलं. त्या माणसांचे पासवर्ड त्यांनी आमच्या हाती दिलेले नव्हते.

पुढे सॅमल २.० आलं, २०१२ मध्ये ओऑथ २.० आलं, म्हणजे पासवर्ड न देता ओळख किंवा परवानगी पुढे पोचवण्याची मानकं आली, आणि ग्राहकांना पटवणं सोपं झालं. सध्या आम्ही २०२० च्या टोकन एक्स्चेंज मानकावर काम करतो आहोत. पोर्टल आपल्याकडचं टोकन, म्हणजे ओळखीचा डिजिटल दाखला, देऊन पुढच्या सेवेपुरतं नवं टोकन घेतं, आणि त्यात दोघांची नावं ठेवता येतात: काम कोणासाठी चाललंय आणि ते प्रत्यक्षात कोण करतंय. त्यामुळे ऑडिटच्या नोंदीत पोर्टल आणि माणूस वेगवेगळे दिसतात.